आधी तळ वाचा: रवि वर्मा प्रेसच्या छापांची यादी करताना

आमचं फ्रेमचं दुकान होतं. लक्ष्मी, सरस्वती, दत्त अशा तसबिरी काचेत बसवून द्यायच्या. चित्र मापापेक्षा मोठं निघालं की वडील लोखंडी पट्टी ठेवून खालचा पांढरा समास सरळ कापत. त्या कापट्या मी पतंगाच्या शेपटीला लावत असे. आता चित्रकार राजा रवि वर्मा यांच्या छापखान्याचे, रवि वर्मा प्रेसचे, जुने छाप जमवते तेव्हा जीव हळहळतो, कारण छापाची ओळख त्या कापटीतच असते.

म्हणून यादी करताना देवाच्या नावापासून सुरुवात करू नका. आधी तळ, म्हणजे चित्राखालचा तो समास वाचा आणि जे छापलंय ते अक्षर न बदलता, स्पेलिंगच्या चुकांसकट उतरवून घ्या. छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ, कार्ल्याशेजारच्या मळवलीला गेला. त्यामुळे खाली ‘बॉम्बे’ आहे की ‘कार्ला-लोणावळा’, यावरून छाप आधीचा की नंतरचा याचा पहिला अंदाज येतो. पुढे छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. रवि वर्मा १९०६ मध्ये वारले, पण छपाई थांबली नाही. तिथे धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची चित्रंही छापली गेली. म्हणजे तळाशी ‘रवि वर्मा’ दिसलं तरी ते पुष्कळदा छापखान्याचं नाव असतं. यादीत चित्रकार आणि छापखाना असे दोन वेगळे रकाने आखाच. चित्रकार नक्की नसेल तर तो रकाना रिकामा राहू द्या.

मग माप. फ्रेमचं नको, चित्राचं वेगळं आणि समासासकट कागदाचं वेगळं, मिलिमीटरमध्ये.

यानंतर दहापट भिंग घेऊन उजेडात बसा. जुना छाप दगडावरून, एकेका रंगाला एकेक दगड वापरून काढलेला. त्यातले ठिपके हाताने दिलेले, लहानमोठे, वेडेवाकडे असतात. ठिपके सारख्या अंतरावर, जाळीसारखे ओळीत दिसले तर ती पुढच्या काळातली, ऑफसेट यंत्रावर छापलेली नक्कल. कागद चहाच्या रंगाचा आहे म्हणून भुलू नका.

एकच लक्ष्मी पुन्हा पुन्हा नव्याने रेखाटून छापली गेली आहे. दोन प्रती शेजारी ठेवा आणि हत्तीची सोंड, तिच्यातली माळ, साडीचा काठ, मागचं पाणी असं क्रमाने पाहत जा. फरक सापडला की यादीतल्या त्याच क्रमांकाला अ, आ जोडा. युरोपात डच चित्रकार रेम्ब्रांटच्या एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून काढलेल्या छापांची, क्रमांकवार यादी बार्च यांनी १७९७ मध्ये छापली. आजही ‘बार्च ७४’ म्हटलं की ते रेम्ब्रांटचं ‘शंभर गिल्डरचं चित्र’ (गिल्डर म्हणजे जुनं डच नाणं) हे जाणकाराला समजतं. जुन्या बाजारात मला मात्र कोणी क्रमांक सांगून छाप विकलेला नाही, ‘मोठी लक्ष्मी’, ‘जरीची लक्ष्मी’ एवढंच. तेव्हा तुमचा क्रमांक तुम्हीच द्या आणि एकदा दिलेला बदलू नका. चित्र विकलं तरी तो दुसऱ्याला देऊ नका.

चित्रावर जरीचे धागे, टिकल्या, कापड चिकटवलेलं असेल तर ते काढून ‘स्वच्छ’ करू नका. कोणत्या तरी घरातल्या बाईने दिवस घालवून ते सजवलेलं असतं. शेऱ्यात लिहा: साडीला जरीचे धागे, मुकुटाला टिकल्या. साबणाची किंवा दुकानाची जाहिरात वरून छापलेली असली तर तीही पूर्ण उतरवा.

तळ कापलेला असेल तर ‘तळ कापलेला’ असंच लिहा. तेच चित्र तळासकट दुसरीकडे पाहिलं असलं तरी तिथला मजकूर इथे भरू नका. फार तर शेऱ्यात ‘ताडून पाहावे’ लिहून त्या प्रतीचा क्रमांक द्या. माझ्या वहीत असे एकोणीस छाप आहेत. त्यातले तीन आमच्याच दुकानात कापलेले. मागच्या पुठ्ठ्यावर वडिलांच्या अक्षरात माप आहे.