आंबोळ्यांची तयारी आदल्या दुपारपासून

रविवारी सकाळी ८ वाजता गरम आंबोळ्या पानात पडाव्यात असे वाटत असेल, तर शनिवारी दुपारीच कामाला लागावे. घावनाचे तसे नसते. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून मीठ घातले की तवा तापवायला हरकत नाही. आंबोळीचे पीठ मात्र आंबावे लागते, म्हणून वेळेचा हिशेब नाश्त्यापासून उलटा मांडावा: आंबायला १० ते १२ तास, भिजायला ५ ते ६ तास आणि मधे वाटायला अर्धा-पाऊण तास.

चार माणसांसाठी ३ वाट्या तांदूळ, १ वाटी बिनसालीची उडदाची डाळ, अर्धी वाटी जाडे पोहे आणि १ लहान चमचा मेथीदाणे मोजून ठेवावेत. तांदूळ साधा, जाडा आणि जुना असावा. महागडा बासमती इथे वाया जातो. डाळीच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये, कारण आंबताना तयार होणारा वायू धरून ठेवण्याचे काम तिच्यातील चिकटपणा करतो आणि डब्यात वर्षभर पडून राहिलेली डाळ वाटताना हवी तशी फुगत नाही. तांदूळ वेगळा भिजवावा, डाळ आणि मेथी एकत्र. पोहे वाटण्याआधी अर्धा तास भिजवले तरी पुरतात. सिंधुदुर्गात अनेक घरी आंबोळीचे कोरडे पीठ गिरणीतून दळून आणलेलेच असते. ते रात्री कोमट पाण्यात कालवून ठेवले की भिजवण्या-वाटण्याचे काम वाचते.

मिक्सरचे भांडे चालताना तापते, म्हणून वाटायला फ्रिजमधले गार पाणी जवळ घ्यावे आणि ते थोडे थोडेच घालावे. आधी डाळ वाटावी. वाटलेल्या डाळीचा थेंब वाटीभर पाण्यात टाकल्यावर तरंगला, तर ती झाली असे समजावे. तांदूळ आणि पोहे त्यानंतर वाटावेत. तांदूळ किंचित रवाळ राहिला तर चांगलेच. पीठ फुगते, म्हणून भांडे निम्म्याहून अधिक भरू नये आणि त्याच्याखाली ताट ठेवावे, म्हणजे सकाळी ओटा पुसत बसावे लागत नाही. उन्हाळ्यात मीठ रात्रीच घातले तर आंबणे थोडे आवरते. थंडीत ते सकाळी घालावे आणि भांडे गुंडाळून उबेला ठेवावे. परदेशातील थंड घरांत ओव्हन न पेटवता त्याचा नुसता दिवा चालू ठेवून आत भांडे ठेवतात, तो उपाय चांगला आहे. सोडा घालून जाळी आणण्याची युक्ती मला पटत नाही. जाळी पडते, पण आंबूस चव येत नाही.

झोपण्यापूर्वी काळे वाटाणेही भरपूर पाण्यात भिजत घालावेत, कारण आंबोळीसोबत काळ्या वाटाण्याचा सांबारा नसेल तर मालवणी माणूस नाश्ता झाला असे मानणार नाही. त्यासाठी लागणारे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटप रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवले, तर सकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि मालवणी मसाला एवढेच उरते.

तवा बिडाचा असावा आणि तो आंबोळ्या-घावनांसाठीच राखलेला असावा. पोळ्यांच्या तव्याला पीठ हमखास चिकटते. बऱ्याच दिवसांनी बाहेर काढलेला तवा आदल्या रात्री पुसून, तेल लावून, मंद आचेवर तापवावा आणि तसाच निवू द्यावा. साबणाने घासू नये. जवळ वाटीभर तेल, काट्याला टोचलेला अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी, खोलगट डाव, उलथणे आणि तव्यावर बसेल असे घुमटाकार झाकण तयार ठेवावे. सकाळी आंबलेले पीठ घुसळू नये, डावाने अलगद हलवावे. ते फार दाट वाटले तरच थोडे पाणी घालावे. तव्यावर शिंपडलेले पाणी चरचरून उडाले की आच मध्यम करावी, तेलाचा कांदा फिरवावा, पीठ मधोमध ओतून फार न पसरता जाडसर ठेवावे आणि झाकण घालावे. वरची बाजू कोरडी दिसली आणि कडा सुटल्या की आंबोळी उलटावी. पहिली बहुतेक वेळा चिकटतेच. तेवढ्यावरून पिठात काही मिसळायला जाऊ नये, पुन्हा तेल फिरवून दुसरी घालावी.

उरलेले पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. दुसऱ्या दिवशी ते जास्त आंबट लागले, तर त्यात कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर बारीक चिरून घालावी.