पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी दाबमोजे वापरताना

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत, शहरातल्या लक्ष्मीपुरीतील दुकानांत किंवा गुऱ्हाळात काहिलीसमोर तासन्‌तास उभे राहणाऱ्यांच्या पायांच्या शिरांमधील झडपा कमकुवत झाल्या, की रक्त खाली साचून शिरा फुगतात. अशा वेळी दाबमोजे, म्हणजेच कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, खरोखर आराम देतात. घोट्याशी सर्वाधिक आणि वर कमी होत जाणाऱ्या दाबामुळे रक्त हृदयाकडे परतण्यास मदत होते आणि सूज व जडपणा कमी होतो. मात्र फुगलेली शीर त्यामुळे पूर्ववत होत नाही.

मोजे घालण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पायांवर सूज नसतानाच ते चढवावेत आणि रात्री झोपताना काढावेत. घोट्याचा व पोटरीचा घेरही सकाळीच मोजून घ्यावा, कारण संध्याकाळच्या सुजलेल्या पायाच्या मापाचा मोजा दुसऱ्या दिवशी सैल पडतो. मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल बसवावे, मग सुरकुती न ठेवता वर सरकवावा. वरची कड दुमडल्यास तिथेच रक्तप्रवाह आवळला जातो. अंगठ्याची कोल्हापुरी चप्पल वापरणाऱ्यांना बोटे उघडी राहणारा प्रकार सोयीचा ठरतो.

पायाकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्यांत (धमन्यांत) अडथळा असेल, किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय हे मोजे मुळीच घालू नयेत. बोटे निळसर, थंड वा बधिर झाल्यास ते लगेच काढावेत.