गुडघ्याची झीज: काठी, नी कॅप आणि व्यायामातल्या या चुका टाळा

सर्वांत जास्त दिसणारी चूक काठीची. उजवा गुडघा दुखतो म्हणून काठीही उजव्याच हातात धरली जाते. काठी हवी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. चालताना उजवा पाय आणि डावा हात एकत्र पुढे जातात, म्हणून डाव्या हातातली काठी उजव्या पायाबरोबरच टेकते आणि भार वाटून घेते. त्याच बाजूला धरली की चालीची लय मोडते आणि माणूस दुखऱ्या पायावरच झुकत राहतो.

उंचीही बघा. रोजच्या चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकतो. उंच काठीने खांदा वर चढतो, बुटकीने कंबर वाकते. ॲल्युमिनियमच्या काठीचे बटण भोकातून पूर्ण बाहेर आले आहे ना, हे दाबून पाहा. टोकाच्या रबरी बुचावरच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर बूच लगेच बदला. ओल्या फरशीवर असे बूच हमखास घसरते.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. कठडा असेल तर एक हात त्याच्यावर हवाच.

नी कॅप शर्टासारखी ‘एल’ किंवा ‘एक्सएल’ सांगून घेऊ नका. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. कुठे गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावरचा घेर लागतो, कुठे वाटीच्या काही सेंटिमीटर वरचा. मोजपट्टीने घेर मोजून तक्त्याशी जुळवा. घातल्यावर कडेतून दोन बोटे सहज जायला हवीत. पोटरी सुजली, पायाला मुंग्या आल्या किंवा त्वचेवर खोल वळ उठले, तर ती घट्ट आहे. झोपताना काढून ठेवा. साधी नी कॅप ऊब आणि आधार देते, सांध्यावरचा भार फारसा कमी करत नाही. पाय बाहेरच्या बाजूला वाकले असतील तर झिजलेल्या बाजूवरचा भार दुसऱ्या बाजूला हलवणारा बिजागरीचा ब्रेस (पट्ट्यांनी बांधायचा कडक आधार) लागू शकतो, पण तो मापाने बसवून घ्यावा लागतो. बिजागरी वाटीच्या मध्याच्या पातळीत हवी. मांडी वर जाड आणि खाली निमुळती असल्याने ब्रेस घसरतो. घसरला की पट्टे सोडून पुन्हा बसवा. नुसते आवळून भागत नाही.

आता व्यायाम. ब्रेस आहे म्हणून व्यायाम सोडणे ही आम्हाला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते, कारण सांध्याला खरा आधार मांडीच्या पुढच्या स्नायूंचा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबून ५ सेकंद धरा आणि सोडा. असे १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. श्वास रोखू नका. रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. मग दुसरा गुडघा वाकवून उताणे झोपा आणि दुखरा पाय सरळ ठेवून सुमारे ३० सेंटिमीटर उचला. हे सोपे झाले की घोट्याला अर्धा किलोचे वजन बांधा. फरक जाणवायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, आणि बरेच जण पंधरा दिवसांतच सोडून देतात. व्यायामानंतर थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणे वाढलेलेच असेल तर संख्या निम्मी करा, पूर्ण बंद करू नका.

रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय मोडा. बरे वाटते खरे, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडत जातो आणि पुढे पाय सरळ होईना होतो. दिवसातून दोनदा १० मिनिटे गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा आपल्या वजनाने सरळ होऊ द्या.

उकिडवे बसणे आणि खूप वेळ मांडी घालून बसणे टाळा. शौचाला कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा. गुडघा सुजून गरम लागत असेल तर शेक नको, कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे लावा. सूज आणि लाली यांबरोबर ताप आला, पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा गुडघा अडकून सरळच होईना, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.