आधी झोल काढा, मग कुलूप लावा

मी सुतार. फोंड्याजवळ पत्र्याची शेड आहे, दारं-खिडक्या करतो. गेली आठ वर्षं संध्याकाळी त्याच शेडमध्ये भुसा झाडून, सतरंजी टाकून भाच्याबरोबर छिन ना करतो, म्हणजे समोरच्याच्या सांध्याला कुलूप लावल्यासारखं अडकवून त्याला धरायचं चिनी तंत्र. नाव ऐकून हिंदीतलं छीनना आठवतं, पण त्याचा काही संबंध नाही. चिनीत छिन म्हणजे पकडणं आणि ना म्हणजे धरून ताब्यात ठेवणं. ही सहसा वेगळी विद्या नसते. शाओलिन, ताई ची, ईगल क्लॉ अशा चिनी युद्धकला आहेत, त्या सगळ्यांच्या पोटात ती असते.

शिकायचं असेल तर आधी सांधा समजून घ्या. कोपर म्हणजे बिजागरी, एकाच दिशेला उघडते. दार पूर्ण उघडल्यावर आणखी रेटलंत तर लाकूड मोडत नाही, स्क्रू उपटून येतात. कोपराचंही तेच, फक्त तिथे स्क्रूच्या जागी लिगामेंट असतात. मनगटात आठ बारकी हाडं आहेत, म्हणून ते सगळीकडे थोडं थोडं वळतं. पंजा उलटा-सुलटा होतो तो मात्र कोपराखालची दोन हाडं एकमेकांवर फिरतात म्हणून. खांदा तर सगळ्यात मोकळा. तो धरायचा तर आधी खालचे सांधे अडकवावे लागतात.

आता एकच प्रकार नीट घेऊ, मनगटाला वेढा घालायचा. समोरच्याने उजव्या हाताने तुमचं उजवं मनगट धरलंय. तुमचा डावा तळवा त्याच्या पंजाच्या पाठीवर ठेवा आणि तो पंजा तुमच्या मनगटाला चिकटवून टाका, फेव्हिकॉल लावल्यासारखा. मग उजवी बोटं वर करा आणि हात बाहेरच्या बाजूने त्याच्या मनगटावरून फिरवा. तुमच्या तळहाताची करंगळीकडची कड त्याच्या मनगटाच्या हाडावर बसली पाहिजे. त्याचं कोपर वाकलेलं आणि त्याची करंगळी वरच्या बाजूला आली, की हात बरोबर बसला. इथे थांबा. दोरीतला झोल काढतात तसा सांध्यातला झोल काढा, म्हणजे हळूहळू फिरवत अशा जागी या की पुढे मोकळी जागाच उरत नाही. आता ती कड त्याच्या बेंबीच्या दिशेने खाली न्या. दंडाच्या जोरावर नाही, स्वतःचे गुडघे वाकवून. माझा भाचा माझ्यापेक्षा पंधरा किलोने जड आहे, तरी तो खाली बसतो.

चुकतं कुठे? बहुतेकांचं डाव्या तळव्यात. तो सैल पडला की समोरचा हात काढून मोकळा. जुलैत तर आमच्याकडे घामाने मनगट बांगड्यासारखं निसटतं, म्हणून पावसाळ्यात आम्ही लांब बाह्यांचे सदरे घालतो. दुसरं, समोरचा शहाणा असेल तर हात ताठ करतो. करू दे. हात ताठ झाला म्हणजे वेढा गेला, पण कोपर मिळालं. मनगट धरून ठेवा, कोपराचं टोक आकाशाकडे येईल असा हात फिरवा आणि दुसऱ्या हाताने कोपराच्या जरासं वर, दंडाच्या मागच्या बाजूला टेकू देऊन खाली न्या. एक सुटलं की दुसरं उघडतं, हीच छिन नाची खरी गंमत. म्हणून नुसती नावं पाठ करणाऱ्यांचं मला हसू येतं.

बोटांचे प्रकार सुरुवातीला नकोतच. ती लगेच दुखावतात आणि समोरच्याला थाप मारायलाही वेळ मिळत नाही.

थाप म्हणजे सोडण्याची खूण. अंगावर किंवा जमिनीवर दोनदा. दोन्ही हात अडकलेले असतील तर पायाने, नाहीतर तोंडाने. थाप पडली की त्याच क्षणी सोडायचं, ‘अजून जरा बघू’ नाही. सुरुवातीला एका शिबिरात मला शिकवणाऱ्याने झटका देऊन दाखवलं. मी थाप मारेपर्यंत मनगटात कळ गेली होती. तीन आठवडे रंधा हातात धरता आला नाही आणि एका गिऱ्हाइकाचं देवघर चतुर्थी उलटून गेल्यावर गेलं. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये नियम आहे: कुलूप लावताना मनात चार मोजायचे, सोडतानाही चार. वाढत्या वयाच्या मुलांवर हे करायचं नाही. हाताला मुंग्या आल्या किंवा सूज आली तर त्या दिवशी बंद, आणि मुंग्या राहिल्या तर थेट डॉक्टर.

रोज किती? एका हाताने दहा, दुसऱ्याने दहा, मग पाळी बदलायची. ज्याच्यावर प्रयोग होतो तो जास्त शिकतो. झोल नेमका कुठे संपतो ते त्याच्याच मनगटाला आधी कळतं. भाचा अजून तोंडानेच ओरडतो, “मामा, सोड!”

“थाप मार रे, शेजारी ऐकतात,” मी म्हणतो.

फणसाच्या फळ्या रंधून मनगट भरून आलेलं असलं की त्या दिवशी मी फक्त डाव्या हाताने करतो.