मोटरस्पोर्ट्ससाठी टेलिफोटो लेन्स भाड्याने घेताय? या चुका टाळा

गोव्यात कायमस्वरूपी डांबरी शर्यतपथ नाही. त्यामुळे येथील छायाचित्रकारापुढे दोनच वाटा असतात. वागातोरच्या पठारावर भरणाऱ्या मोटारसायकल मेळाव्यांतील डर्ट ट्रॅक, अधूनमधून होणारे सुपरक्रॉस (उड्यांच्या मातीच्या पथावरील मोटारसायकल शर्यती) आणि पावसाळ्यातील चिखलातल्या ऑफ-रोड स्पर्धा ही पहिली वाट. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील पथ किंवा ग्रेटर नोएडाचे ५.१२५ किलोमीटर लांबीचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट गाठणे ही दुसरी. वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या कामासाठी लाखाच्या घरातील टेलिफोटो, म्हणजे दूरचा विषय जवळ आणणारी, लेन्स विकत घेणे अनेकांना परवडत नाही. ज्यांना परवडते त्यांनीही दोनदा विचार करावा, कारण येथील दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लवकर गाठते. भाड्याने घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

तरीही स्पर्धेनंतर एक तक्रार हमखास ऐकू येते, ती म्हणजे ‘लेन्सच खराब होती’. कधी ती खरी असते. बहुतेक वेळा मात्र लेन्स ठीक असते. ती वेगळ्या कामासाठी निवडलेली, वेगळ्या माणसाने लावून ठेवलेली आणि न तपासता उचललेली असते.

सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वांत योग्य लेन्स, हा समज

लेन्सची निवड दुकानात सुरू होत नाही. आयोजक तुम्हाला कोठे उभे राहू देणार, येथून ती सुरू होते. आधी ते अंतर विचारून घ्यावे, शक्य असल्यास आदल्या दिवशी जाऊन पावलांनी मोजावे. दोन मीटर लांबीची मोटारसायकल चौकटीच्या रुंदीचा दोन-तृतीयांश भाग व्यापेल असे चित्र हवे असेल, तर फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २० मीटरवरून सुमारे २४० मि.मी. (लेन्सचा पल्ला, म्हणजे फोकल लांबी) आणि ४० मीटरवरून सुमारे ४८० मि.मी. लागतात. १.५ पट क्रॉप असलेल्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, एपीएस-सी कॅमेऱ्यावर हेच आकडे साधारण १६० आणि ३२० होतात. मोटार चार मीटर लांबीची धरली, तर तीच लेन्स दुप्पट अंतरावरून पुरते.

या हिशेबातून एक गोष्ट लगेच ध्यानात येते. डर्ट ट्रॅकच्या दोरीला लागून उभे राहता येत असेल, तर १५०-६०० ही लेन्स अडचणच करते. वळणावर गाडी जवळ आली की १५० मि.मी.सुद्धा जास्त होतात आणि चाके चौकटीबाहेर जातात. तेथे ७०-२०० किंवा १००-४०० अधिक उपयोगी ठरते. मोठ्या सर्किटवर प्रेक्षकांच्या जाळीमागून मात्र ४०० मि.मी.ही अपुरे वाटतात. काही मोठ्या स्पर्धांच्या तिकिटांवर प्रेक्षकांना मोठ्या लेन्स आत नेण्यास मनाई असते, तेव्हा अटी वाचल्याशिवाय भाडे भरू नये.

पावसाळी ऑफ-रोड स्पर्धांचे गणित पूर्ण निराळे आहे. २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या स्पर्धेत गाड्या वेगाने धावत नाहीत. चढावर, ओहोळात आणि चिखलात इंचाइंचाने झगडतात, तेही झाडांच्या दाट सावलीत व ढगाळ आभाळाखाली. तेथे पल्ल्यापेक्षा उजेड महत्त्वाचा. एफ/२.८ वर (हे लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा लहान तितका उजेड जास्त) आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १२५० ने जे काम भागते, त्यासाठी एफ/६.३ च्या लेन्सला सुमारे ६४०० लागतो. शिवाय सिग्मा १५०-६०० कंटेम्पररीसारख्या लेन्सला पाणी व धूळ रोखणारे सील फक्त माउंटपाशी, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्यापाशी, असते. पावसात ती नेणाऱ्याने रेनकव्हरचाही विचार त्याच वेळी करावा.

माउंट बसले म्हणजे सारे जुळले, असे समजणे

लेन्स कॅमेऱ्यावर बसली, टक् असा आवाज झाला आणि ग्राहक निघाला, असे दृश्य दुकानात नेहमीचे. परंतु निक्कॉर २००-५०० एफ/५.६ या लेन्सचे छिद्र विद्युत-नियंत्रित आहे. डी९० किंवा डी८० यांसारख्या जुन्या निकॉन कॅमेऱ्यांवरून ते बदलता येत नाही. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर जुनी लेन्स लावायची तर त्या जोडीला चालणारा अॅडॉप्टर लागतो आणि तो सोबत दिला आहे असे गृहीत धरण्यात अनेक जण फसतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरमध्ये फोकससाठी मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. धावत्या गाडीसाठी ते जवळपास निरुपयोगी आहे.

टेलिकन्व्हर्टरच्या (लेन्स व कॅमेरा यांमध्ये बसून पल्ला वाढवणाऱ्या जोडभिंगाच्या) बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे: मोटरस्पोर्ट्ससाठी एफ/६.३ च्या झूमवर तो लावू नये. १.४ पटीचा कन्व्हर्टर उजेडाची एक पायरी खातो, २ पटीचा दोन. ६०० मि.मी.ला एफ/६.३ असलेली लेन्स १.४ पटीने एफ/९ होते, आणि बहुतेक डीएसएलआर (आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस त्यापूर्वीच हात टेकतो. कॅननच्या आरएफ १००-५०० वर एक्स्टेंडर (कॅननचा टेलिकन्व्हर्टर) लावल्यास झूम ३०० मि.मी.च्या खाली येतच नाही. गाडी जवळ येताना पल्ला कमी करता येत नाही, हे पहिल्याच फेरीत कळून उपयोग काय?

तारखांचा अंदाज चुकणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा गोव्यात मोटारसायकल मेळाव्यांचा काळ, आणि नेमकी हीच लग्नसराई, हाच पक्षीनिरीक्षणाचा हंगाम. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सवही असतो. ७०-२०० एफ/२.८ लग्नांत अडकलेली असते, १५०-६०० चोडण, बोंडला किंवा मोलेच्या वाटेवर असते. पणजी, म्हापसा किंवा मडगावात हवी ती लेन्स न मिळाल्यास पुणे, मुंबई अथवा बंगळुरूहून कुरिअरने मागवावी लागते. तेव्हा भाडे रवाना झाल्यापासून मोजले जाते की हाती पडल्यापासून, हे लेखी विचारावे. एक दिवस म्हणजे चोवीस तास की दुकान बंद होईपर्यंतचा वेळ, हेही. रविवारच्या अंतिम फेरीनंतर दुकान सोमवारीच उघडणार असेल, तर त्या जादा दिवसाचा प्रश्न आधीच मिटवावा. आणखी एक: स्पर्धेच्या सकाळी लेन्स घेणे टाळावे. सरावासाठी एक संध्याकाळ हाताशी असली पाहिजे, म्हणून एका दिवसाचे जास्त भाडे वाया गेले असे मानू नये.

घेतानाची तपासणी टाळणे

दुकानदारावर कितीही विश्वास असला, तरी हस्तांतराच्या वेळी लेन्सचा छोटा व्हिडिओ घ्यावा. त्यात अनुक्रमांक, पुढची व मागची काच, माउंटचे धातूचे टोक, ट्रायपॉड कॉलर, हूड आणि दोन्ही झाकणे दिसली पाहिजेत. चांगला दुकानदार याने दुखावत नाही. दुखावलाच तर तेही आपल्याला काही सांगून जाते. अनामत रक्कम किती, ती परत केव्हा मिळणार आणि नुकसान झाल्यास दुरुस्तीचा खर्च द्यायचा की लेन्सची पूर्ण किंमत, हे पावतीवर असावे.

मागची काच वर करून मोबाइलच्या टॉर्चने आत पाहावे. आतले चार-दोन धूलिकण चित्रात दिसत नाहीत, त्यांवरून वाद घालू नये. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले मात्र, तर ती बुरशी आहे. लेन्स तेथेच परत करावी.

मग प्रत्यक्ष चाचणी. यासाठी गोव्यात एक सोय जागोजागी उभी आहे: गिलावा न केलेली चिऱ्याची भिंत. चिऱ्यातील बारीक छिद्रे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखी पसरलेली असतात, त्यामुळे लेन्सचे चित्र कोठे धूसर येते ते लगेच उघडे पडते. भिंतीसमोर अगदी सरळ उभे राहून, कॅमेरा कशावर तरी टेकवून, पूर्ण झूमवर व सर्वांत मोठ्या छिद्रावर तीन-चार चित्रे घ्यावीत आणि ती मोठी करून चारही कोपरे पाहावेत. कोपरे सारखेच थोडे मऊ असणे स्वाभाविक आहे. एकच बाजू प्रत्येक चित्रात धूसर येत असेल, तर आतील काच सरकलेली आहे, आणि त्यावर तुमच्याकडे कोणताही उपाय नाही.

पुढे कोणी स्वस्त यूव्ही फिल्टर चढवून ठेवला असल्यास तो काढावा. या वर्गातील बऱ्याच लेन्सना ९५ मि.मी. व्यासाचा फिल्टर लागतो, चांगला महाग पडतो आणि म्हणून हलका बसवला जातो, ५०० मि.मी.च्या पुढे असा फिल्टर चांगल्या लेन्सचीही धार घालवतो. संरक्षणासाठी हूड पुरेसा आहे.

आधीच्या माणसाचे स्विच तसेच ठेवणे

ही चूक सर्वांत साधी आणि सर्वांत महागडी. गोव्यातील लांब पल्ल्याची भाड्याची लेन्स बहुधा पक्ष्यांसाठी गेलेली असते. फांदीवर बसलेल्या धनेशासाठी स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) पहिल्या मोडवर ठेवलेले असते. पॅनिंग करताना, म्हणजे गाडीसोबत कॅमेरा फिरवत चित्र घेताना, हाच मोड आपली आडवी हालचाल थरथर समजून तिला विरोध करतो. कॅनन, सोनी, सिग्मा आणि टॅमरॉनच्या या लेन्सवर पॅनिंगसाठी दुसरा मोड आहे, तर निक्कॉर २००-५०० वर नॉर्मल आणि स्पोर्ट असे पर्याय असून धावत्या विषयासाठी स्पोर्ट योग्य. सुपरक्रॉसच्या उडीत गाडी तिरकी वर जाते व खाली येते. तेथे शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान असेल, तर स्टॅबिलायझेशन बंदच ठेवणे आम्हाला बरे वाटते.

फोकस कोणत्या अंतरांत शोधायचा ते ठरवणारा स्विच, म्हणजे फोकस लिमिटर, हाही पाहावा. सोनी २००-६०० वर तो जवळच्या टप्प्यावर, म्हणजे १० मीटर ते २.४ मीटर, राहिला असेल, तर दूरची गाडी फोकसमध्ये येणारच नाही आणि तुम्ही मोटर बिघडली असे म्हणत बसाल. शर्यतीसाठी तो दूरच्या टप्प्यावर असावा. सिग्माच्या लेन्सवर सी१ आणि सी२ असे सानुकूल पर्याय असतात व त्यांत कोणीतरी स्वतःच्या आवडीची मांडणी भरून ठेवलेली असू शकते. तो स्विच बंद करावा. झूम लॉक उघडा आहे ना, फोकस एमएफवर (हाताने करण्याच्या मोडवर) तर नाही ना, एवढे पाहिले की झाले.

चित्र धूसर आले: दोष शोधायचा कसा

पहिल्या फेरीनंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठे करून पाहावे आणि घाबरून सगळ्या सेटिंग एकदम बदलू नयेत. धूसरपणाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची खूण निराळी असते.

गाडी धूसर, पण तिच्या पुढचे गवत किंवा मागचा फलक धारदार असेल, तर फोकस चुकला आहे. फोकस सतत पाठलागाच्या मोडवर आणि फोकस बिंदूंचा गट लहान ठेवून पुन्हा पाहावे. डीएसएलआरवर फोकस प्रत्येक वेळी एकाच बाजूला, म्हणजे नेहमी पुढे किंवा नेहमी मागे पडत असेल, तर कॅमेऱ्यातील सूक्ष्म फोकस-सुधारणेने तो जागेवर येतो.

पार्श्वभूमी धारदार आणि गाडीच ओघळलेली असेल, तर तुमचा फिरण्याचा वेग गाडीपेक्षा कमी होता. सगळ्या चौकटीत एकाच दिशेच्या रेषा असतील, तर हात हलला आहे. कॉलरसह २३०० ग्रॅम भरणारी निक्कॉर २००-५०० दुपारपर्यंत हातात धरून पॅनिंग करणे सोपे नाही. भाड्यात मोनोपॉडही (एकपायी आधार) घ्यावा. गाडीचा पुढचा भाग स्पष्ट आणि मागचा फाटल्यासारखा दिसत असेल, तर तो दोष नव्हेच. वळणावर गाडीचा कोन बदलत असतो आणि १/१२५ सारख्या शटरला तिचे सर्व भाग सारख्या वेगाने सरकत नाहीत. तो परिणाम नको असेल, तर गाडी तुमच्या समोरून काटकोनात जाते अशी जागा निवडावी. मात्र यावर उपाय म्हणून सरसकट १/२००० लावू नये. चाकांच्या तारा थिजतात आणि धावती गाडी उभी केल्यासारखी दिसते.

कडा लहरल्यासारख्या, कुंपणाचे सरळ खांब वाकडे आणि एका मागोमाग घेतलेल्या चित्रांत धूसरपणा कमी-जास्त होत असेल, तर ती तापलेल्या जमिनीवरून उठणारी उष्ण हवा आहे. डांबर, पत्र्याचे छप्पर, कातळाचे पठार यांवर दुपारी हे सर्रास होते. येथे महागडी लेन्स कामी येत नाही आणि स्टॅबिलायझेशनही नाही. पल्ला जितका लांब तितका परिणाम जास्त. सकाळच्या फेऱ्यांवर भर द्यावा, दुपारी गाडीच्या जवळ जाऊन कमी पल्ला वापरावा. दुकानदाराशी भांडण्याआधी हा एक प्रकार नक्की तपासावा, कारण निर्दोष लेन्सवर सर्वाधिक खोटे आरोप याच कारणाने होतात.

संपूर्ण चित्र दुधाळ, फिके असेल, तर पुढची काच पाहावी. वातानुकूलित खोलीतून किंवा मोटारीतून लेन्स थेट बाहेर काढल्यास गोव्याच्या हवेत तिच्यावर लगेच दव धरते. ते पुसून जात नाही, पुन्हा येते. निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास लेन्स बंद बॅगेतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी.

धूळ आणि वाहतूक

तांबड्या मातीची धूळ शर्टाच्या टोकाने पुसणे म्हणजे काचेवर वाळू घासणे होय. आधी फुंकणीने उडवावी, मग मऊ ब्रश, आणि गरज उरलीच तर लेन्सचे कापड. झूम करताना लांब होणाऱ्या लेन्स बाहेरची हवा आत ओढतात; शर्यत जवळून जाताना उडालेल्या ढगात उगाच झूम पुढेमागे करू नये. लेन्स बदलणे तर पूर्ण टाळावे. स्कूटरवरून जाताना कॅमेरा आणि लेन्स वेगवेगळे करून बॅग पाठीवर घ्यावी. सीटखालचा कप्पा इंजिनाजवळ असतो, तापतो आणि खड्ड्यागणिक हादरतो.

परत करण्याच्या आदल्या रात्री लेन्स ओल्या बॅगेत कोंडू नये. दुकानात पुन्हा एकदा तोच व्हिडिओ, त्याच क्रमाने घ्यावा, लेन्स परत मिळाल्याची लेखी पोच घ्यावी आणि चित्रणात जाणवलेला दोष त्याच वेळी सांगावा. धुळीने झूम रिंग जड झाली असेल तर तेही लपवू नये. आपल्या कॅमेऱ्यात त्या लेन्ससाठी केलेली फोकस-सुधारणा घरी गेल्यावर काढून टाकावी. काही कॅमेरे लेन्सचा अनुक्रमांक न पाहता केवळ तिचा प्रकार ओळखतात, आणि पुढच्या वेळी त्याच प्रकारची दुसरी लेन्स भाड्याने आणली की जुनी सुधारणा तिलाही लागू होते.