कॅम्पर घेऊन रॉकीज चढताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या रॉकी पर्वतांच्या पायथ्याचं डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर. आय-७० या महामार्गाने पश्चिमेला निघालात की घाट तिथून पुढे सुरू होतो आणि आयझेनहॉवर बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी ११,१५८ फुटांवर पोचतो. बोरघाटाचा अनुभव गाठीशी बांधून इथे कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर) ओढायला गेलेला माणूस फसतो. मी फसलो होतो.

सगळे विचारतात, "गाडी ओढेल ना?" अहो, ओढते. हल्लीचे पिकअप काहीही ओढतात. घोडं अडतं ते दुसरीकडेच.

पहिली चूक घरीच होते, जाहिरातीतल्या ओढण्याच्या आकड्यावर विसंबून. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारं पिवळं-पांढरं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील, ते त्यावर लिहिलेलं असतं. खरा पेलोड, म्हणजे गाडीला पेलवणारा भार, तो. माझ्या गाडीवर १,५४० आहे. आता मांडा हिशोब: भरलेला ट्रेलर ७,००० पौंड. त्याचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायच्या कडीवर, बसायला हवा. १३ टक्के धरला तर ९१०. आम्ही चौघं मिळून ५६०. हिचचा लोखंडी सांगाडा ९०. झाले १,५६०. कूलर, जनरेटर आणि सासूबाईंनी बांधून दिलेले चिवड्याचे डबे अजून अंगणातच आहेत, आणि आपण आधीच २० पौंड वर!

यावर लोक शक्कल काढतात: सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवायचं, म्हणजे हिच हलकी होते. हे भलतंच. नाक हलकं झालेला ट्रेलर उतारावर शेपूट हलवायला लागतो. त्यापेक्षा पाण्याची टाकी रिकामी न्या. ४० गॅलन पाणी म्हणजे ३३० पौंडांहून जास्त. बहुतेक कॅम्पग्राउंडवर नळ असतो. आणि एकदा ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर चढवून बघा. पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर असे वेगवेगळे आकडे छापून मिळतात. थोडक्या डॉलरात डोळे उघडतात.

चढावर बहुतेकांना इंजिनच्या आवाजाची भीती वाटते. आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटातल्या फेऱ्यांचा) काटा ४,५०० वर गेला की पाय उचलतात, मग गाडी वरचा गिअर टाकते, दम तोडते, पुन्हा खालचा टाकते. या गिअरच्या खेळात ट्रान्समिशन तापतं. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर उगाच बदलू न देणारी गाडीतली सोय) लावा, खालचा गिअर धरा, उजव्या लेनमधून ४०-४५ मैलांनी जा आणि इंजिनाला ओरडू द्या. टर्बो नसेल तर दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद विरळ हवा खाते. बोगद्यापाशी जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. गाडी बिघडलेली नाही, तिला धाप लागली आहे.

तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर पूर्ण. ऐन जुलैत बायको-मुलं शिव्या घालतील, घालू द्या. तरी उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबा. बॉनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला गरम असताना हात लावू नका.

खरी परीक्षा बोगद्यापलीकडे. तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत काही ठिकाणी ७ टक्क्यांचा उतार आहे, आणि चढ संपल्याच्या आनंदात माणूस पाय सैल सोडतो. मी ६५ ने सुटलो आणि ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलो. अर्ध्यावर जळका वास आला, पेडल मऊ झालं. समोर 'रनअवे ट्रक रॅम्प'ची (ब्रेक गेलेली गाडी घुसवून थांबवायच्या वाटेची) पाटी दिसली, तेव्हा पोटात गोळाच आला. (पाटीवर 'ट्रक' लिहिलंय म्हणून तो रॅम्प आपल्यासाठी नाही, असं समजू नका. ब्रेक गेले तर सरळ घुसायचं.)

बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच वेग कमी करून खालचा गिअर टाका. वेग वाढला की ब्रेक एकदाच घट्ट दाबून दहाएक मैलांनी कमी करा आणि पाय पूर्ण उचला. दोन दाबांच्या मधल्या वेळात ब्रेक निवतात. ट्रेलर डोलायला लागला तर स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या, ड्रायव्हरजवळच्या यंत्राची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ही कळ कुठे आहे, हे घाटात शोधायची वेळ येऊ नये. रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये २०-२५ च्या वेगाने ती दाबून पाहा. ट्रेलरने गाडीला मागे खेचल्याचं स्पष्ट जाणवलं पाहिजे. नाही जाणवलं, तर कंट्रोलरवरचा गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवा किंवा वायर तपासा.

मी हे केलं नव्हतं. सिल्व्हरथॉर्नच्या पेट्रोलपंपावर उतरून ट्रेलरभोवती फिरलो, प्रत्येक चाकाजवळ हाताची पालथी बाजू नेली. उजवी दोन्ही चाकं कढत होती. डावी दोन्ही नुकतीच सावलीतून काढल्यासारखी थंडगार. एक्सलपाशी ब्रेकची वायर तुटून लोंबत होती.