देणगी देताय? हिशेबातल्या या चुका टाळा

मार्चचा शेवटचा आठवडा आला की माझा फोन शांत बसत नाही. मी एका लहानशा शिक्षण संस्थेचा खजिनदार. ‘पन्नास हजार पाठवतोय, ८०जीची पावती लगेच टाका’ असे मेसेज ३१ तारखेला रात्री अकरापर्यंत येत राहतात. (८०जी म्हणजे देणगीपोटी करपात्र उत्पन्नातून वजावट देणारं आयकराचं कलम.) देणाऱ्यांच्या मनाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या हिशेबाबद्दल. वर्षभर विचार करून ठरवलेली देणगीसुद्धा लोक शेवटच्या दहा मिनिटांत मोबाइलवरच्या कुठल्यातरी कॅल्क्युलेटरच्या हवाली करतात.

(खालची कलमं आणि फॉर्म १९६१च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत. चुका त्याच राहतील.)

दोन लाखांची निम्मी वजावट

माझ्या ओळखीतले एक निवृत्त बँक अधिकारी. सगळा जन्म लेजरमध्ये गेलेला, आकड्यांना घाबरणारा माणूस नव्हे. पत्नीच्या स्मरणार्थ त्यांनी एका ट्रस्टला दोन लाख दिले. कॅल्क्युलेटरमध्ये दोनच रकाने होते : देणगी किती आणि टक्के किती. दोन लाख, आणि अशा ट्रस्टच्या देणगीवर मिळणारी पन्नास टक्के वजावट. उत्तर आलं एक लाख.

जुलैत रिटर्न भरायला बसले तेव्हा वजावट निघाली ४२,५०० रुपये. मग कागद-पेन घेऊन आम्ही दोघं बसलो.

त्यांचं एकूण उत्पन्न १२ लाख. त्यातले २ लाख म्युच्युअल फंड विकून झालेला दीर्घकालीन भांडवली नफा. तो वगळायचा. ८०सी (पीएफ, विमा अशा बचतीची वजावट) आणि बाकीच्या वजावटी मिळून दीड लाख, त्याही वगळायच्या. उरले साडेआठ लाख. त्याचे १० टक्के म्हणजे ८५,०००. एवढीच देणगी त्या वर्षी हिशेबात धरली जाते. तिचे निम्मे ४२,५००. आणि ही वजावट झाली, वाचलेला कर नव्हे! त्यांच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात करावरच्या सेससकट कर वाचला ८,८४० रुपये.

पैशाचं त्यांना दुःख नव्हतं. ‘मी नीट हिशेब करून दिलेत’ असं मुलीला ठणकावून सांगितलं होतं, ते लागलं होतं.

यात क्रमाची एक गंमत आहे. काही जण मर्यादा आहे हे जाणतात, पण आधी देणगी निम्मी करतात आणि मग मर्यादेशी ताडून बघतात. म्हणजे दोन लाखांचे एक लाख, मर्यादा ८५,०००, म्हणून वजावट ८५,०००. साफ चूक. आधी मर्यादा, मग निम्मे. दहा टक्के आणि पन्नास टक्के दोन्ही लावायचे असतात, हे निम्म्या कॅल्क्युलेटरांना ठाऊक नसतं.

मर्यादेवरची रक्कम पुढच्या वर्षी ओढता येत नाही. त्यांनी एक लाख मार्चमध्ये आणि एक लाख एप्रिलमध्ये दिला असता, तर दोन आर्थिक वर्षांच्या दोन मर्यादा मिळाल्या असत्या. संस्थेला जेमतेम महिनाभराचा उशीर. पण हे ३१ मार्चच्या रात्री सुचत नाही. म्हणून मी जानेवारीतच कागद काढायला लावतो. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या मोजक्या निधींना पूर्ण १०० टक्के, तेही विनामर्यादा, अशी सूट आहे. पण तो नियम गल्लीतल्या ट्रस्टला लावू नका.

एकेका ओळीत संपणाऱ्या चुका

नव्या करप्रणालीत ८०जी नाहीच, आणि २०२३-२४पासून काही न निवडता गप्प बसलात तर नवीच लागू होते.

रोख २,००० रुपयांच्या वर दिलेत तर वरची रक्कम नव्हे, सगळीच देणगी वजावटीतून जाते.

धान्य, ब्लँकेट, जुने संगणक जरूर द्या, पण त्यावर वजावट मागू नका.

नुसती छापील पावती आता पुरत नाही. संस्थेने ३१ मेपर्यंत १०बीडी हा देणग्यांच्या तपशिलाचा फॉर्म भरायचा आणि तुम्हाला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं. पॅनमधलं एक अक्षर चुकलं की दाव्याचं घोडं अडतं. कृपा करून पॅन फोनवर सांगू नका, लिहून पाठवा. ‘बी’ आणि ‘डी’च्या गोंधळात माझे तीन रविवार गेलेत.

यावच्चंद्रदिवाकरौ

ही माझी खास डोकेदुखी. ‘आईच्या नावे शाळेत बक्षीस ठेवायचंय, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून कायम द्यायचं.’ ऐकायला छानच वाटतं.

आमच्या जुन्या रजिस्टरात नव्वदच्या दशकातली एक नोंद आहे : ठेव रु. ५,०००, मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलीस. तेव्हा ११ टक्क्यांनी ५५० रुपये व्याज यायचं, पुस्तकांचा गठ्ठा यायचा. परवा ती ठेव साडेसहा टक्क्यांनी नूतनीकरण झाली. व्याज ३२५. बक्षीस समारंभाला देणगीदाराचा नातू आला होता. मुलीने त्याच्यासमोरच पाकीट उघडलं : शंभराच्या तीन नोटा, एक वीसची, पाचचं नाणं. त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘काका, बाकीचे कुठे गेले?’ कुठेच गेले नव्हते. मुद्दल पैन्‌पै शाबूत होतं.

आता मोठ्या रकमेवर बघा. १० लाख, व्याज ७ टक्के, महागाई ५ टक्के धरू. सगळं व्याज वाटलं तर दरवर्षी ७०,००० शिष्यवृत्ती. वीस वर्षांनीही ७०,०००च, पण त्यांची किंमत आजच्या २६,४०० रुपयांएवढी. शिष्यवृत्तीची ताकद खरोखर कायम राखायची, तर पहिल्या वर्षी २०,०००च्या आसपासच खर्च करता येतात. बाकीचं व्याज मुद्दलात परत. हा आकडा ऐकला की समोरच्याचा चेहरा पडतो.

मग मी तिसरा रस्ता सांगतो, जो मला स्वतःला सगळ्यात आवडतो : वीस वर्षांची शिष्यवृत्ती. पहिल्या वर्षी सुमारे ६३,६००, दरवर्षी त्यात पाच टक्के वाढ, विसाव्या वर्षी खातं शून्यावर. वीस मुलं नीट शिकतात. पण मुद्दलही खर्च करायची परवानगी देणगीपत्रात लिहिलेली हवी. ‘कॉर्पससाठी’ (म्हणजे कायम राखायच्या मुद्दलासाठी) असं लिहून मोकळे झालात तर नंतर विश्वस्तांचे हात बांधले जातात.

हे सगळं एक्सेलमध्ये अर्ध्या तासात मांडता येतं. माझी सवय एवढीच : व्याजदर एका वेगळ्या चौकटीत ठेवायचा आणि शेवटी तिथे दोन टक्के कमी टाकून बघायचं. वरच्या उदाहरणात ७चे ५ केले की कायमस्वरूपी शिष्यवृत्तीसाठी उरतात शून्य रुपये. तयार कॅल्क्युलेटर दर बदलून देतात, पण तो बदलून बघायची सवय देत नाहीत.

मृत्युपत्रातली देणगी

ठरावीक रुपये लिहू नका, उरलेल्या मिळकतीचा टक्का लिहा. दवाखान्याच्या खर्चात शिल्लक आटली, तरी मुलं आणि संस्था यांच्यातलं प्रमाण टिकतं. दोन साक्षीदार हवेतच. आणि संस्थेचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच, नोंदणी क्रमांकासकट. एका आजोबांनी ‘गावातल्या शाळेस’ एवढंच लिहून ठेवलं होतं. गावात शाळा दोन, आणि आजोबा दोन्हीकडे शिकलेले.